कुमुदमावशीच्या दोन हार्ड डिस्क

कुमुदमावशी गेल्याचं मला तीन तास उशिरा कळलं. बडोद्याबाहेर बाजव्याजवळच्या ज्या कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं दुरुस्त करतो, तिथे मोबाइल आत नेता येत नाही. शिफ्ट संपवून गेटवर आलो, कपाटातून फोन काढला, तर तिच्या मुलीचे, मृणालचे, सात मिस्ड कॉल. मी उलट फोन लावला. "हेमंत, आई गेली रे. दुपारी जेवून जरा पडली होती, ती उठलीच नाही." पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की तिला सांगायचं राहिलं. आणि लगेच पाठोपाठ, लिहायलाही लाज वाटते, थोडं हायसं वाटलं. आता सांगावं लागणार नव्हतं.

मावशी माझ्या आईची शाळेतली मैत्रीण. नात्याची नव्हे, पण कुणालाही माझी ओळख करून देताना "हा माझा भाचा" एवढंच म्हणायची. बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळेत तिने भाषा शिकवली. निवृत्त झाल्यावर तिने एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि इथल्या म्हाताऱ्या मराठी माणसांचं बोलणं टिपायला लागली. आपण खिडकीला सहज 'बारी' म्हणतो, वाक्य मराठीत सुरू करून गुजरातीत संपवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो... या बोलण्याचं तिला भारी कौतुक. "हे अशुद्ध नाही रे," ती म्हणायची, "हे आपलं आहे. आणि हे बोलणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत." खंडेराव मार्केटात आयुष्यभर भाजी विकलेले एक आजोबा, जवळच्या पादरा गावच्या एक वृद्ध सुईणबाई, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. सात-आठ वर्षं ती अशांच्या घरी जाऊन बसत होती. सगळं कॉम्प्युटरवर नीट उतरवून ठेवायची. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या. एक बिघडली तर दुसरीवर असावं म्हणून दुसरी मीच बसवून दिली होती.

तीन वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. मी उघडून पाहिलं. पॉवर सप्लाय, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो गेला होता. नवा डबा आणला. रविवारची सकाळ होती. नव्या डब्याबरोबर त्याच्या स्वतःच्या केबल होत्या, पण जुन्या केबल मी मागच्या पत्र्याआडून नीट बांधून ओवल्या होत्या. त्या सोडवून नव्या ओवायच्या म्हणजे तासाभराचं काम. जुनी पिन नव्या डब्यात चपखल बसली. बसली म्हणजे चालेल, असं मी धरून चाललो. ज्याला कारखान्यात एक वायर लावण्याआधी दोनदा मीटर लावायची सवय आहे, त्या माणसाने घरी हे केलं, कारण मावशीने आत पोहे टाकले होते आणि मला ते गरम खायचे होते.

बटण दाबलं. एक बारीक 'टक्' आणि जळल्याचा किंचित वास. पंखा थबकला. मी घाईघाईने त्या केबल काढून नव्या लावल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, कारण विंडोज बोर्डावरच्या वेगळ्या चिपवर होतं, पण दोन्ही हार्ड डिस्क दिसेनात. डेटाची केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जोडलेल्या भागांची यादी येते, ती पाहिली, तिथेही नाव नाही. शेवटी एकेक डिस्क हातात धरून कानाला लावली. आत फिरण्याची जी बारीक घरघर असते, ती दोन्हींत नव्हती. मग नव्या पॉवर सप्लायसोबत आलेला कागद वाचला. सोबत दिलेल्याच केबल वापराव्यात, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पिन सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम प्रत्येक डब्यात वेगळा असतो. पाच व्होल्टच्या जागी मी बारा दिले होते.

मावशी पोह्यांच्या बशा घेऊन आली. "झालं का रे?"

मी कागद खिशात घातला. "मावशी, पॉवर सप्लाय झाला. पण डिस्क गेल्या... दोन्ही. जुन्या झाल्या होत्या, त्यात वीज सारखी जाते-येते."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं. तू मागे म्हणाला होतास, नवीन घे म्हणून. मीच हयगय केली."

मी गप्प बसलो. त्याहून वाईट पुढे घडलं. तिने विचारलं, "दुकानात दाखवून बघूया? कुणी काढून देईल?" आणि मी म्हणालो, "काही उपयोग नाही, मावशी." दुकानदार बोर्ड पाहताच सांगणार, की साहेब, उलटी केबल लागली होती... याची मला भीती होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. इतर कुणाला विचारलंही नाही.

मग त्या बाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शहात्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. मी तिला रविवारी गाडीतून न्यायला लागलो, आणि प्रत्येक घरी ती सांगायची, "हा बघा, आपली सुट्टी सोडून माझ्यासाठी येतो." रेल्वेचे गार्ड तोवर वारले होते. मार्केटातल्या आजोबांना पक्षाघात झाला होता. ते नुसते हसले. सुईणबाईंना काही आठवेना. "आ कोण?" त्या मावशीकडे बघून सुनेला विचारत राहिल्या. परतताना मावशी गाडीत म्हणाली, "मागच्या वेळी तासभर बोलल्या होत्या रे." मी रस्त्यावरची नजर काढली नाही. तेव्हा सांगता आलं असतं. पादरा ते बडोदे, एवढा रस्ता होता.

तेरावं झाल्यावर कपाट आवरताना मृणालला त्या दोन डिस्क सापडल्या, मावशीने जुन्या रुमालात बांधून ठेवलेल्या. "यांचं काय करू?" तिने विचारलं. मी "बघतो" म्हणून घेतल्या आणि दुरुस्ती करणाऱ्या जिग्नेशभाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी पहिल्यांदा खरं ते सांगितलं. बीजा, म्हणजे दुसऱ्याच, पॉवर सप्लायची केबल लागली होती, माझ्या हातून.

त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला. मोहरीएवढा एक भाग जळून गेला होता. जादा वीज स्वतःवर घेऊन आतलं वाचवायला तो असतोच. तो त्यांनी काढला, शेजारच्या उडालेल्या बारीक फ्यूजवर तारेचा तुकडा जोडला आणि डिस्क लावली. घरघर सुरू झाली. दुसरीचंही तेच.

"आ तो पांच मिनिटनुं काम हतुं," जिग्नेशभाई म्हणाले. "पहेलां केम ना लाव्या?" आधी का नाही आणल्यात?

मी त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो आणि मला रडू आलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं, पुन्हा काही विचारलं नाही.

संध्याकाळी मृणालला सगळं सांगितलं. केबल, कागद, 'उपयोग नाही'. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तीन वर्षं ती मला फोनवर सांगायची, माझ्या निष्काळजीपणानं गेलं सगळं." हे सगळं लिहून छापायला देऊ का, असं मी विचारलं. "दे," ती म्हणाली. "तिचं चुकलं नव्हतं, हे लोकांना कळू दे."

गेला रविवार आम्ही मावशीच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी काढला. प्रत्येक फाइलला तिने माणसाचं नाव दिलंय आणि पुढे त्या घरी काय खायला मिळालं ते. 'गार्डसाहेब, हांडवो'. 'भाजीवाले आजोबा, नुसता चहा, फार गोड'. मृणालला वाचता वाचता हसू फुटलं, मग तिने तोंडावर पदर धरला. सुईणबाईंची फाइल लावली. त्या भरभरून बोलत होत्या, मधे मावशीचा आवाज, "सावकाश, मला घाई नाही."

"आईला फोन करून सांगावंसं वाटतंय," मृणाल म्हणाली. "सापडलं सगळं म्हणून."

फाइल संपली. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढची लाव."