एक पायरी खाली

मंदाताई स्वतःच्या ऑफिसात शिरताना दार वाजवायच्या. ऑफिस त्यांचं, खुर्ची त्यांची, दारावरची पाटी त्यांच्या नावाची, आणि बाई बाहेर उभ्या राहून टकटक करून आतल्या होकाराची वाट बघताहेत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना ओळखत नव्हतो. अदबीने म्हणालो, "आत कुणी नसावं, बाई." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला काय माहीत, गुरू? कुणी रडत बसलं असेल तर?" तेवढ्यात आतून नाक ओढल्याचा आवाज आला आणि एक मुलगा म्हणाला, "दो मिनट, ताई." मग आम्ही दोघं व्हरांड्यात थांबलो. माझ्या नोकरीची मुलाखत तिथेच, उभ्या उभ्या झाली.

हे 'गुरू' म्हणजे बनारसी गुरू. काशीतला माणूस दूधवाल्यालाही गुरू म्हणतो, पानवाल्यालाही. ताईंचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण कित्येक पिढ्या दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचं पौरोहित्य करण्यात गेलेल्या. त्यांचं मराठी त्यामुळे गंगेत चांगलंच भिजलेलं होतं. "मी बोलले त्याला, टेन्शन नको घेऊ, आधी चाय पी, मग खुशाल रूस," असं त्या सहज बोलून जायच्या. माझंही घर बनारसमधलंच, मराठी. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मात्र घाम फुटायचा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सारनाथच्या रस्त्यावर, पेरूच्या बागेतल्या एका कोठीत, म्हणजे जुन्या बंगल्यात, आमचं केंद्र होतं. मनाच्या आजाराने बेजार झालेली तेरा ते अठरा वर्षांची मुलंमुली तिथे राहून उपचार घ्यायची. कागदावर मी कारकून, पण मुलांची नाटकं बसवायला मला ठेवलं आहे असा माझा ठाम समज होता, आणि ताईंनी तो कधी मोडला नाही. रिक्षावाले आमच्या केंद्राला काय म्हणायचे ते तुम्ही ओळखलं असेल. एकदा ताईंच्या कानावर तो शब्द पडला. त्यांनी त्या रिक्षावाल्याला हात धरून आत आणलं, मुलांच्या पंगतीत बसवून जेवू घातलं आणि शेवटी विचारलं, "अब बताओ गुरू, इसमें पागल कौन है?" त्याने सगळ्यांना नीट निरखलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पुढे कितीतरी दिवस मुलं मला बघून हसत होती. ताई म्हणाल्या, "बघ, तुझा पगार वसूल झाला."

मी येण्याआधी ताई तिथल्या मेट्रन होत्या आणि प्रमुख होते एक वयस्क डॉक्टर. मुलांचा त्यांच्यावर भारी जीव. एक दिवस त्यांना दिल्लीला मोठी जागा मिळाली आणि ते निघून गेले. ट्रस्टचे सेक्रेटरी लालाजी, बनारसी साड्यांचे व्यापारी, माणूस मनाने मऊ. त्यांनी फर्मान काढलं, मुलांना धक्का बसेल, सांगा डॉक्टरसाहेब छुट्टीवर गेलेत. सगळ्यांनी तसं सांगितलं.

गाझीपूरची नीलू तेव्हा नुकती सावरत होती. ती रोज जेवणाच्या वेळी डॉक्टरांची थाळी मांडायची, वाटी, पेला, सगळं जागच्या जागी. छुट्टी संपेना. शेवटी कुणाच्या तरी तोंडून खरं निसटलं. नीलूने ती थाळी पालथी घातली आणि पंगतीत जेवणं सोडलं. त्या थाळीला हात लावायची कुणाची हिंमत होईना. ती बरेच दिवस तशीच पालथी पडून राहिली, आणि पंगत तिला वळसा घालून बसत राहिली. नीलूला पुन्हा ताटावर आणायला ताईंना कित्येक महिने लागले. त्याच काळात दुसरा कुणी मिळेना म्हणून ट्रस्टने ताईंनाच प्रमुख केलं.

आणि आता ताईंचीच जायची वेळ आली. सरकारी अनुदान हवं तर प्रमुख डॉक्टरच असला पाहिजे, असं वरून कळलं. लालाजी ऑफिसात आले, समोसे घेऊन आले, म्हणजे बातमी वाईट होती. लखनौच्या एका तरुण डॉक्टरची नेमणूक झाली होती. लालाजी हळू आवाजात म्हणाले, "बच्चों से कह देंगे, ताई तीर्थयात्रा पर गई हैं."

ताई म्हणाल्या, "काशीहून तीर्थयात्रेला? कुठे, लालाजी? मुलं आजारी आहेत, बुद्दू नाहीत."

लालाजींनी समोसा खाली ठेवला.

"मला काढा," ताई म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही. पण लपवून नाही. नवीन साहेब खुर्चीत बसतील आणि महिनाभर मी तिथेच त्यांच्या बाजूला खाली बसेन. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

हे त्यांनी घाटावरून उचललं होतं. त्यांच्या वडिलांनी उतारवयात घाटावरच्या छत्रीखालची आपली बैठक मुलाला दिली तेव्हा ते घरी जाऊन बसले नाहीत. महिनाभर ते मुलाच्या एक पायरी खाली बसले. सातारा-कोल्हापूरचे यजमान सवयीने त्यांच्या पाया पडायला वाकायचे, आणि म्हातारा नुसता अंगठा वर करून मुलाकडे दाखवायचा. मुलगा संकल्प सांगताना अडखळला तरी बाप गंगेकडे बघत राहायचा. ताई सांगायच्या, "बाबांना तो महिना फार जड गेला. पण यजमान एकही तुटला नाही."

आता आमच्या डॉक्टर त्रिवेदींची एन्ट्री. मे महिन्यात टाय, हातात ब्रीफकेस, केस चापूनचोपून बसवलेले. वय पस्तिशीचं, शिक्षण उत्तम, आणि मुलांसमोर उभं राहिल्यावर ती ब्रीफकेस छातीशी धरलेली. ताईंनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं, डॉक्टरांना आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाजूला वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे नवीन साहेब. महिन्याभराने मी जाणार, हे राहणार. काय विचारायचं ते यांना विचारा." मला तर पडदा वर गेल्यासारखं वाटलं. मी दाराशी जागा धरली.

पहिला हात नीलूचा. "आप कब जाएँगे?"

डॉक्टर हसले. "अरे, मैं तो आज ही आया हूँ. मैं कहाँ जा रहा हूँ?"

ताई मोढ्यावरून इतकंच म्हणाल्या, "साहेब, खरं."

डॉक्टरांनी टायची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मेरा तीन साल का काग़ज़ है. आगे का पता नहीं. लेकिन जाऊँगा तो बताकर जाऊँगा. एक महीना पहले."

नीलूने हात खाली घेतला. ती खूश दिसली असं नाही, पण उठून गेली नाही.

त्यानंतरचा तो महिना म्हणजे मी पाहिलेलं सगळ्यात बहारदार नाटक. सवयीने सगळे ताईंकडे धावायचे. स्वयंपाकी विचारी, आज कढी की डाळ. मुलं विचारत, घरी फोन लावू का. तोंडातून उत्तर निसटू नये म्हणून ताईंनी एक युक्ती काढली. कुणी जवळ येताना दिसलं की त्या पान तोंडात टाकायच्या. तोंडात पान असताना बनारसी माणूस बोलत नाही, हनुवटी वर करून नुसता हुंकारतो, आणि त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. ताई हुंकार द्यायच्या आणि डोळ्यांनी खुर्चीकडे खुणावायच्या. मी म्हणालो, "ताई, इतक्या चुन्याने जिभेचं काय होईल?" त्या पान एका गालात सारून म्हणाल्या, "भाजू दे, गुरू. बोलली तर जास्त भाजेल."

डॉक्टर चुकायचे, भरपूर चुकायचे. त्यांनी सकाळच्या व्यायामाचं असं कडक वेळापत्रक केलं की मुलं पेरूच्या झाडांवर चढून बसली. डॉक्टर खालून टाळ्या वाजवत "नीचे आइए, नीचे आइए" करत होते. मोढ्यावरच्या ताईंच्या खांद्यांकडे बघून मला कळत होतं की हसू दाबताना बाईंचा जीव जातोय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वेळापत्रक स्वतःच बदललं आणि मुलांना विचारून बदललं. ताईंनी त्यांना एक पान देऊ केलं. ते नको म्हणाले. बनारसात पान नाकारलं, ही त्यांची सगळ्यात मोठी चूक.

पण महिना संपत आला आणि नीलू पुन्हा जेवायला येईना. गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसली. सगळं केंद्र ताईंकडे बघायला लागलं. स्वयंपाकी रडवेला झाला, "ताई, आप ही जाइए." मीही म्हणालो, तेवढं एकदा जा. ताईंच्या तोंडात पान होतं, पण त्या चावत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला इतकं आवळलेलं की बोट पांढरं पडलं होतं. त्यांनी मान हलवली. नाही.

मग डॉक्टर उठले आणि जिन्याकडे गेले. मी मागे मागे. ऐकायला नको होतं, पण नाटकवाल्या माणसाला विंगेत उभं राहिल्याशिवाय चैन पडत नाही. आधी त्यांनी आहाराचं महत्त्व सांगितलं. नीलूने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग ते तिच्यापेक्षा एक पायरी खाली बसले. बऱ्याच वेळाने नीलू म्हणाली, "ताई जाएँगी तो उनकी थाली कौन हटाएगा?"

डॉक्टरांना मागची गोष्ट ठाऊक होती, ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. ते म्हणाले, "तुम और मैं. उसी दिन. सबके सामने."

"छुपाकर नहीं?"

"सबके सामने."

नीलू उठली. खाली येऊन जेवली. ताईंनी त्या दिवशी पान थुंकून दिलं आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ चूळ भरत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळेही तोंडाइतकेच लाल होते.

निरोपाच्या दिवशी ताई पंगतीत जेवल्या, स्वतःची थाळी स्वतः घासली आणि पुसून समोर ठेवली. नीलूने एका बाजूने धरली, डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने. दोघांनी ती सगळ्या पंगतीसमोरून नेऊन फडताळात इतर थाळ्यांमध्ये ठेवली. काही मुलं रडली, नीलूही रडली. पण त्या रात्री ताटावर न आलेलं असं कुणी नव्हतं.

त्यानंतर कितीतरी महिने ताई केंद्राकडे फिरकल्या नाहीत. एका मंगळवारी त्यांना राहवेना. लवंगलता या मिठाईचा पुडा घेऊन रिक्षाने आल्या. फाटकाशी नीलूच होती, नव्या आलेल्या मुलींना बाग दाखवत. ती धावत आली, पाया पडली, ताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "ताई, आज मंगलवार है. मिलने का दिन इतवार. डॉक्टर साहब का नियम है." ताई फाटकात तशाच उभ्या. नीलू थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मिठाई छोड़ जाइए."

मी ऑफिसच्या खिडकीतून हे सगळं बघून धावत बाहेर गेलो, तोवर ताई पुन्हा रिक्षात बसल्या होत्या. मला वाटलं, दुखावल्या असतील. दुखावल्या होत्याच. पण चेहरा असा फुललेला की रिक्षावाला वळून वळून बघत होता.

"हाकललं मला," त्या म्हणाल्या. "मिठाई ठेवून घेतली आणि मला हाकललं. काय पोरगी आहे, गुरू."

रविवारी त्या आल्या. बलिया, मिर्झापूर, जौनपूरहून आलेल्या आयांच्या रांगेत बाकावर बसल्या. डॉक्टर त्रिवेदींनी खिडकीतून बघितलं, त्यांना आत बोलवावं की नाही यावर क्षणभर अडले, आणि शहाण्या माणसासारखे आतच राहिले. शेजारच्या बाईने ताईंना विचारलं, "आपका बच्चा कौन-सा है, बहनजी?"

"पहले सब थे," ताई म्हणाल्या. "अब एक भी नहीं."

आणि हे सांगताना त्या इतक्या खूश दिसल्या, की ती बाई जरा सरकून बसली.