फुलाची खूण असलेलं बटण
परवा कपाट आवरताना जुना डिजिटल कॅमेरा निघाला आणि त्यावरची फुलाची खूण पाहून मोताळ्याजवळचं माझं कपाशीचं वावर आठवलं. बीटी म्हणून, म्हणजे बोंडअळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या कपाशीची बोंडं त्या वर्षी अळीने पोखरली होती. तक्रारीसाठी फोटो हवे होते, तर बियाणं विकणारा माझा दोस्तच असलाच कॅमेरा घेऊन वावरात आला. मी फोडलेलं बोंड त्याच्यासमोर धरलं. "हे फुलाचं बटन काऊन नाही दाबत बे?" मी विचारलं. "थे हारा-फुलाचे फोटो काढाले असते," तो म्हणाला, आणि कॅमेऱ्यावरची चकती चेहऱ्याच्या खुणेवर फिरवून, "आता तुहा एक काढतो, हास ना बे!" दोस्ताने म्हटलं म्हणून मी हसलो. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. कृषी कार्यालयात पाहिलं तर बोंड आणि अळी धुरकट, मागची हिरवी पानं लख्ख. साहेबाने तक्रार परत केली. पुढच्या हंगामात दोस्ताच्या दुकानात, त्याच बियाण्याच्या पाकिटांच्या वर, माझा हसरा फोटो टांगलेला होता, अगदी स्पष्ट. मी तो तिथेच टराटरा फाडला. नंतर हा कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितलं, फुलाचं बटण जवळची बारीक वस्तू टिपायला असतं. फोटो काढताना कोणी हस म्हटलं, की अजून माझं डोकं सणकतं.