केबल गेल्यावरची आमची गल्ली

मी गावी परत आलो तेव्हा एक जाड वही घेतली होती. डाव्या पानावर गावाची माहिती लिहायची: घरं किती, शिकलेले किती, बाहेर गेलेले किती. उजवं पान कोरंच राहायचं, म्हणून माहिती विचारताना माणसं जे काही बोलत ते तिथं टिपून ठेवू लागलो. वर्षभरात डावी पानं निम्मी रिकामी राहिली आणि उजव्या पानांना जागा पुरेना. किस्से साठतात ते असे. आपण भलतंच काहीतरी गोळा करायला निघालेलो असतो.

आमचं गाव पाली. बीड जवळ, बिंदुसरेचं धरण त्याहून जवळ. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच धरणावर चौकीदार होते. आता निवृत्त. थोरला भाऊ संजू पुण्यात कंपनीत आहे. मी सहा वर्षं दिल्लीत शिकलो. आई गेली तेव्हा माझी शेवटची परीक्षा होती. ती दिली आणि सामान बांधून कायमचा परत आलो. शिकलेल्यानं गावात राहिलं पाहिजे असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. आणि दुसरं म्हणजे नाना एकटे पडले होते. संजू आधी दर रविवारी फोन करायचा, मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी. भांडण काही नव्हतं. नुसतं राहून जात होतं.

नानांशी रोज कुणीतरी चार शब्द बोलावं म्हणून मी आलो. पण नाना मला विचारत ते "मोटर बंद केली का?" आणि "दूध आलं का?" एवढंच. बाकी वेळ आम्हा दोघांच्या मध्ये टीव्ही बोलायचा. आणि मी येऊन चार महिने होतात न होतात तोच गावातली केबल बंद झाली.

०

केबलवाले बाबूभाई. वीस वर्षं त्यांनी गावात खांबांवरून, झाडांवरून, लोकांच्या पत्र्यांवरून वायर नेली होती. गुडघे गेले तसं त्यांनी ठरवलं, आता बास. शेवटच्या दिवशी ते वायर गुंडाळत घरोघर निरोप घेत फिरले. आमच्या गल्लीत सतरा घरं, सतरा ठिकाणी चहा.

बाबूभाईंचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर गावातल्या लग्नांचे व्हिडिओ लागत, आणि कुणी वारलं की खालून पट्टी सरकायची: अमुक यांचं दुःखद निधन, माती दुपारी तीन वाजता. समोरच्या पारूकाकूंना मालिका गेल्याचं काही वाटलं नाही. त्या एकट्या राहतात, मुली नांदायला लांब. त्यांनी बाबूभाईंना एकच विचारलं.

"आता गावात कोण गेलं, कोण न्हाई, मला कसं कळावं?"

बाबूभाई वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकत म्हणाले, "दार उघडं ठेवत जा ना काकू. पैले तसंच कळायचं."

०

आता प्रत्येक घराला नवीन काहीतरी निवडायचं होतं. मला हुरूप आला. निवड करणं हा माणसाचा हक्क आहे, आणि माहितीशिवाय निवड म्हणजे नुसता अंदाज, असं मी दिल्लीत शिकलो होतो. मी मारुतीच्या देवळापुढं सभा घेतली. मोठ्या कागदावर तीन रकाने आखले. एक, दर महिन्याला रिचार्ज मारायची छत्री, म्हणजे डिश. दोन, एकदाच पैसे भरून बसवायची फुकटची छत्री. तीन, वायफाय. प्रत्येकाचे फायदे हिरव्या शाईत, तोटे लाल शाईत. पाऊण तास बोललो.

अकरा माणसं आली होती. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी भागवतकाका उठले.

"समदं समजलं. फकस्त एवढं सांग, सरपंचानं यातलं कुठलं घेतलंय?"

सभेतल्या निम्म्या लोकांना सरपंचांनी घेतलं तेच हवं होतं. उरलेल्या निम्म्यांना ते सोडून कुठलंही चालणार होतं. आणि सरपंचांनी अजून काहीच घेतलं नव्हतं. दोन्ही पार्ट्या पंधरा दिवस टीव्ही बंद ठेवून बसल्या.

०

आमच्या गल्लीत रावसाहेब आणि भाऊसाहेब हे सख्खे भाऊ शेजारी शेजारी राहतात. शेताच्या बांधावरून नऊ वर्षांपासून बोलणं बंद. एकाच्या घरी सत्यनारायण असला की दुसरा त्या दिवशी बीडला जातो.

रावसाहेबांनी फुकटची छत्री आणली, पण त्यांच्या घरापुढं कडुलिंबाचं मोठं झाड. सिग्नल मिळेना. मी सगळीकडून बघितलं. जागा एकच होती, भाऊसाहेबांचा स्लॅब. मी भाऊसाहेबांकडं गेलो, पाण्याच्या टाकीशेजारी हातभर जागा मागितली. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "लावू दे त्याला. पण त्यानं माझ्या जिन्यावर पाय ठिवायचा न्हाई. छत्री मी धरीन."

तर भाऊसाहेब वर छत्री फिरवतायत आणि रावसाहेब खाली घरात टीव्हीपुढं उभे. मी मध्ये गल्लीत उभा, निरोप पोचवायला. एकदोनदा पोचवला. मग वरून भाऊसाहेबच ओरडले, "आलं का?"

खालून आवाज आला, "न्हाई."

"आता?"

"थोडं डावीकडं घे. आलं, आलं. गेलं."

"आता बघ."

"आलं. राहू दे तसंच."

नऊ वर्षांनी! मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना गाठून म्हणालो, काका, काल बोललात, फार बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच बांध कोरला होता.

"येड लागलं का बे? ते मी छत्रीसाठी बोललो. त्याच्याशी कुठं बोललो?"

०

दिवाळी झाली की आमची निम्मी गल्ली ऊस तोडायला जाते. नवरा-बायकोची जोडी असेल तर एक कोयता धरतात. आश्रुबा आणि रुक्मीण यांचा कोयता यंदा कोल्हापूरकडच्या कारखान्याला होता. ट्रॅक्टरमध्ये भांडी, अंथरुणं, टीव्ही, दोन शेळ्या, आणि सगळ्यांत वर भिंतीवरून काढलेली छत्री. तिकडं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर लावायची.

मला काळजी. जागा बदलली की छत्रीचा कोन बदलतो. मी मोबाइलवर शोधून कोन काढला आणि चित्रासकट कागदावर लिहून दिला. आश्रुबानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "तिथं दोनशे कोप्या असत्यात, मालक. समद्यांच्या छत्र्या एकीकडंच तोंड करून. आमी शेजाऱ्याची बघून लावतो."

निघताना रुक्मीणवहिनींनी घराची किल्ली माझ्याकडं दिली, आणि फडक्यात गुंडाळलेला रिमोट. तिकडं पोरं तो हरवून टाकतील, म्हणून जपून ठेवा म्हणाल्या. मी मोठ्या जबाबदारीनं तो कपाटात ठेवला. ट्रॅक्टर गेला. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की टीव्ही तिकडं, बॉक्स तिकडं, आणि रिमोट माझ्या कपाटात!

फोन लावला. म्हटलं, मुकादमाच्या गाडीबरोबर पाठवून देतो.

रुक्मीणवहिनी घाईनं म्हणाल्या, "नगा पाठवू, भाऊ. एकच चॅनल अडकून बसलंय. यंदा घरात भांडण म्हणून न्हाई."

०

ते सगळे गेले की गल्लीत नऊ कुलपं लागतात. संध्याकाळी मी वही घेऊन निघायचो, पण विचारायचं कुणाला? दिल्लीत माझ्या खोलीखाली रात्रंदिवस वर्दळ असायची आणि तिथं मी गावाची आठवण काढायचो. इथं गाव होतं आणि गावात माणसं नव्हती. दिल्लीचे मित्र फोनवर विचारायचे, काम कसं चाललंय? मी म्हणायचो, छान. खरं तर आठवड्यात मला कुणी हाक मारली तर ती "जरा आमचं सिग्नल बघ की" म्हणूनच.

पारूकाकूंकडं मी फुकटची छत्री बसवून दिली होती. शंभर चॅनल. मी बातम्यांचे, कीर्तनाचे, शेतीचे असे आकडे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. पुढच्या वेळी गेलो तर काकू कढया विकणाऱ्या एका चॅनलपुढं बसलेल्या. पुढच्या खेपेलाही तेच. बाई हिंदीत कढईचं झाकण उघडत होती, लावत होती.

मी समजावलं. काकू, ही जाहिरात आहे. हिला कढई विकायचीय, दुसरं काही नाही. मालिका लावून देऊ का?

"मालिकेतल्या बाया एकमेकींशी बोलत्यात," काकू म्हणाल्या. "ही माझ्याकडं बघून बोलती."

मी रिमोट खाली ठेवला. त्या दिवशी मीही अर्धा तास बसून कढई बघितली.

०

आता आमच्या घरचं.

नाना काय निवडतील याची मला खात्री होती: फुकटची छत्री. पण त्यांनी वायफाय निवडलं. मी दोनदा विचारलं, तेच म्हणाले. मागच्या दिवाळीला संजूदादानं मोठा टीव्ही आणून दिला होता, त्यात सगळं चालत होतं. दादानं कार्यक्रम बघायच्या त्याच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड फोनवर सांगितला. मी टाकून दिला. खातं असं होतं, की एका वेळी एकाच पडद्यावर बघता येणार.

नाना समुद्रातल्या माशांचा कार्यक्रम बघू लागले. आयुष्य धरणावर गेलं, मासे आवडत असतील असं मी धरलं. साडेसहाला लावायचे. आणि रोज आठच्या सुमारास, कधी पाच मिनिटं इकडं, कधी दहा मिनिटं तिकडं, चित्र मध्येच थांबायचं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं यायची: हे खातं दुसऱ्या पडद्यावर वापरलं जात आहे. पुण्यात दादा कामावरून घरी येऊन टीव्ही लावायचा, की इकडं नानांचा मासा अर्ध्यात अडकायचा. नाना थोडा वेळ त्या अक्षरांकडं बघत बसायचे. मग टीव्ही बंद करून हात धुवायचे आणि जेवायला बसायचे.

तीन महिने मी हे बघितलं आणि मला ते सहन होईना. वडिलांनी कार्यक्रम अर्ध्यात सोडायचा आणि मुलानं निवांत बघायचा, हा कुठला न्याय? मी दादाला फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं. दादा बिचारा वरमला. आपल्यामुळं नानांचं मध्येच बंद पडतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं लगेच दोन पडद्यांचा पॅक घेतला. मी नानांना सांगितलं, आता मध्ये बंद पडणार नाही, पाहिजे तेवढं बघा. नानांनी विचारलं, दूध आलं का? मला वाटलं, कौतुक करायची त्यांना सवय नाही.

त्या संध्याकाळी आठ वाजले. मासे पोहत होते. सव्वाआठ झाले. मी भाकरी टाकल्या, ताटं घेतली. नाना हलेनात. साडेआठला उठून दारापर्यंत गेले, परत येऊन टीव्हीपुढं उभे राहिले. बसलेसुद्धा नाहीत.

मी म्हणालो, "नाना, जेवायला चला ना. गार होतंय."

"थांब जरा. संजू घरी आला न्हाई अजून."

"तुम्हाला कोण म्हणालं?"

नानांनी टीव्हीकडं बोट केलं. निळ्या पाण्यात एक मोठा मासा सावकाश वळत होता.

"बंद पडलं न्हाई की अजून. रोज आठला पडतं."

मी अंगणात येऊन दादाला फोन लावला. तो कधीच घरी आला होता, टीव्हीच बघत होता. मी त्याला म्हटलं, पॅक परत पहिल्यासारखा कर. तो म्हणाला, अरे, मग नानांचं मध्येच बंद पडेल. मी म्हटलं, पडू दे. त्यानं कारण विचारलं. मी नंतर सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठला दोन मिनिटं कमी असताना मासा जागच्या जागी थांबला आणि पडदा काळा झाला.

"आला," नाना म्हणाले.

हात धुऊन ते ताटावर बसले. मी भाजी वाढली. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी हातातच धरला आणि ताटाकडं बघत म्हणाले, "तू दिल्लीला व्हतास, तवा कळायला असलं काही नव्हतं."

मग घास घेतला, आणि मला आणखी थोडी भाजी वाढायला सांगितली.