फागूबाबांची चिंच

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नाही, आधीच बजावून ठेवतो. सांगून हलकं होण्यातलं हे प्रकरणच नाही.

अर्जुनी मोरगावला बसस्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. आईचं माहेर इटियाडोह धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्या गावची माणसं पांगली — भिलाई, नागपूर, पुणे — आणि त्यांच्या शिकलेल्या पोरांनी एक मेलिंग लिस्ट काढली. एकाने मेल टाकला की सगळ्यांना जायचा. गावच्या आठवणी मराठीत लिहायच्या, असं ठरलं. तिथेच घोडं अडलं! तेव्हा मराठी मेल धड पोचेल तर शपथ. पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. मग सगळे म्हणायचे, त्याला विचारा. तो म्हणजे मी.

खिचडी मला सोपी होती. अक्षरं मेलेली नसतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जात असतात. वाचायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, बदललं की परत येतात. अर्जुनीच्या पोराने पुण्याच्या इंजिनियरांना हे शिकवायचं म्हणजे — चढली होती मला. का चढू नये? त्यांच्यातल्या एकाने शंका काढली तेव्हा मी लिस्टवर लिहून मोकळा झालो: इथे आलेलं काहीही मी वाचून दाखवीन.

त्याच आठवड्यात फागूबाबांचा मेल आला.

फागूबाबा म्हणजे गावची देवी, मातामाय, पूजणारा शेवटचा माणूस. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप उतरलं होतं, गावची जमीन उघडी पडली होती, आणि सगळे मातामायच्या ठाण्यावर नारळ फोडायला येणार होते. ठाणं नेमकं कुठे, हे एकट्या फागूबाबांना ठाऊक. त्यांनी सांगितलं, नातीने गोंदियाला कॉलेजात बसून थेट मेलमध्ये टाईप केलं. पोचली ती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी, दुसरं काही नाही.

प्रश्नचिन्हं वेगळी. वाटेतल्या कुठल्याशा सर्व्हरला अक्षर कळत नाही, तो ते फेकून देतो आणि तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो. ते परत येत नाही. कोणाच्या बापाला आणता येत नाही. हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. नातीकडेही तेवढंच उरलेलं. मग करायचं काय? सायकल काढायची, तासाभरात फागूबाबांच्या दारात. बस, एवढंच होतं.

मी गेलो नाही. मी प्रश्नचिन्हं मोजली. काना-वेलांटी-अनुस्वाराचंही एकेक धरून, जागेत बसतील असे शब्द बसवत गेलो. आईच्या बोलण्यातलं थोडं, पदरचं बरंच. ठाणं विहिरीजवळ एका झाडाखाली, एवढं आई सांगायची; झाडाच्या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं होती. मोहा की चिंच? दोन्ही बसत होते. मोहा टाकला. लिस्टवर पाठवलं, 'दुरुस्त केलं' म्हणून. लोक रडले वाचून! तो इंजिनियरही रडला.

इथवरचं मला फारसं बोचत नाही. खरंच सांगतो. इतके शहाणे लोक लिस्टवर — एकालाही म्हाताऱ्याला भेटावंसं वाटलं नाही? पण थांबा. ही पळवाट झाली. खरी गोष्ट पुढेच आहे.

सगळे जमले. विहिरीच्या उगवतीला मोह्याचं खोड सापडलं. कोणीतरी माझा कागद मोठ्याने वाचला. फागूबाबा उन्हात उभे राहून ऐकत होते. मग मावळतीच्या एका काळ्या खोडाकडे काठी दाखवून म्हणाले, "मोहा नाही गा, चिंच होती. हे मी नाही सांगतलो."

चार प्रश्नचिन्हं. मला तिथल्या तिथे कळलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसून म्हणालो, "बाबा, वय झालं तुमचं. विसरून राहिले तुम्ही."

लोकांनी कागदावर विश्वास ठेवला. नारळ मोह्याखाली फुटले. फागूबाबांनीही एक फोडला. त्यानंतर गावचं काहीही विचारलं की ते म्हणायचे, "मले आता याद नाही." नातीलाही तेच. मरेपर्यंत तेच.

अजूनही पाणी उतरलं की लोक मोह्याखाली जातात. मीही जातो, प्रसाद खातो. लिस्टवर आता कोणी लिहीत नाही, पण पत्ते चालू आहेत. हे सगळं तिथे टाकतोय. आधी स्वतःला पाठवून पाहिलं. एकही अक्षर फुटलेलं नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन किंवा घेणार नाही.

ठाणं चिंचेखाली होतं. फागूबाबा काहीही विसरले नव्हते.