अण्णांची चाकांवरची खोली

परवा संध्याकाळी धारला आम्ही एक आख्खी बेडरूम ढकलत चौकापर्यंत नेली, तिथे उलटी फिरवली आणि परत आणून दारात लावली... आणि गल्लीत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही!

आधी बेडरूमचं सांगते. गाडीच्या मागे जोडून न्यायचा कॅम्पर ट्रेलर असतो ना, तो आम्ही घेतलाय. देवासला आमच्या कॉलनीत सगळ्यांची समजूत झालीय की आम्ही आता लडाखला निघालो.

खरं कारण माझे सासरे. अण्णांचं आयुष्य देवासच्या कारखान्यात मशीनवर गेलं, पण सुट्टी मिळाली की फिरायची भारी हौस. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र त्यांना सारखं जावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे कमोडशिवाय जमत नाही. हे कुणाला सांगायचं नाही... नुसतं "मला नाही यायचं" म्हणायचं.

त्यात धारला त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आमच्या आत्याबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं. त्यांच्याकडे संडास परसात, तोही जुन्या पद्धतीचा. अण्णा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. अक्का तरी कुठे येते आपल्याकडे? किती वर्षं बोलावतोय!"

एकुलती एक बहीण, वय ऐंशीच्या पुढे, आणि हा माणूस घरी बसणार... मला ते बघवेना.

मला मुळात चौकशीची खोड. ट्रेलरचे व्हिडिओ बघायला लागले आणि त्यातच बुडाले. एका चाकजोडीचा घ्यावा की दोन, पाण्याची टाकी केवढी, हुकावर वजन किती यावं... नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "तू आता लायसन्सच काढ ट्रकचं."

धामनोदला हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये दोन ट्रेलर तयार मिळाले. एकाच्या छपरावर तंबू, मागे ड्रॉवरसारखं बाहेर सरकणारं किचन. मी तर प्रेमातच पडले. दुसरा अगदीच पत्र्याचा डबा. आत एक पलंग आणि कोपऱ्यात कमोडची चिमुकली खोली, बस्स.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. वाटलं, जन्मभर मशीनवर काम केलेला माणूस... एक्सल विचारेल, वेल्डिंग बघेल. त्यांनी डब्याची ती चिमुकली खोली तेवढी दाखवायला सांगितली आणि एकच प्रश्न विचारला. "कडी आतून लागते का?"

मी सरकत्या किचनला मनातल्या मनात रामराम केला.

ट्रेलर अंगणात आला आणि अण्णा एकदम तरुण झाले. पाणसळ लावून पलंग सपाट केला, कमोडशेजारी धरायला दांडा बसवला. पलंगाला उशाकडे लाकडी टेकण ठोकलं, तेही अंगणात दिशा बघून, डोकं दक्षिणेला येईल असं. मीही कौतुकानं बघत होते... हे घर फिरणारं आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही!

धारला आत्याबाईंच्या गल्लीत ट्रेलर लावला. अण्णा आत जाऊन आडवे झाले आणि लगेच उठून बाहेर आले. उशी उत्तरेला, पाय दक्षिणेला. यमाच्या दिशेला पाय करून ते झोपणार नव्हते, आणि टेकण तर पक्कं ठोकलेलं.

गल्ली एवढी अरुंद की गाडी जोडून वळवणं अशक्य. आमची खटपट बघून समोरच्या दुकानातले काका आले. "क्या हुआ भिया? अच्छी तो लगी है।"

अण्णा म्हणाले, "पैर दक्खन में जा रहे हैं।"

"अरे! फिर तो घुमानी पड़ेगी।" झालं... त्यांनी हाका मारल्या, चार घरची माणसं आली, गाडी सुटी करून ट्रेलर चौकापर्यंत ढकलला, चाकांवर गर्रकन फिरवला आणि परत आणला.

आणि मग ती गंमत झाली. आधी दार रस्त्याच्या बाजूला होतं, ते आता बरोबर आत्याबाईंच्या ओट्याला येऊन टेकलं. नव्या वाहनाला हळदकुंकू वाहायला त्या ओट्यावर आल्या होत्या, त्या एक पाऊल टाकून सरळ आतच गेल्या.

पलंग बघितला, दांडा बघितला. मग कमोडच्या दारापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बंडू," त्या अण्णांना म्हणाल्या, "हे रस्त्यातसुद्धा वापरता येतं?"

"गाडी थांबवली की येतं."

"मग मी येईन रे देवासला." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "घरात माझ्या खोलीत खुर्ची आहे तसली. पण दोन-अडीच तास रस्त्यात मला धीर निघत नाही... तुला कसं सांगायचं?"

इतकी वर्षं बहिणीवर रुसलेला माणूस... एकाच कारणासाठी दोघं आपापल्या घरी बसून होती! माझे तर डोळेच भरून आले.

मग अण्णा तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "कडी आतून नीट लागते, अक्का."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम थाटात झाला, आणि आज आत्याबाई आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून देवासला आल्या. वाटेत हव्या तेव्हा थांबत, मजेत. आत्ता दोघं बहीणभाऊ अंगणात ट्रेलरच्या पायरीवर बसून भुट्ट्याचा कीस खातायत.

ट्रेलर घेताना मी टाकीपासून हुकापर्यंत जगभरच्या चौकशा केल्या. आत्याबाईंना "तुमचं नेमकं अडतंय कुठे?" एवढं विचारायचं मात्र राहून गेलं होतं... यमाच्या दिशेचे आभार, की तिच्यामुळे दार तरी योग्य बाजूला उघडलं.