आत्याचा हुंकार

चाळिशी उलटली तरी वस्तीत तिला सगळे धाकटीच म्हणत. गोदीमागच्या त्या वस्तीतल्या लोकांच्या पूर्वजांना कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेच्या कुठल्यातरी किनाऱ्यावरून जहाजात कोंबून इथं आणलं आणि विकलं होतं. कुठल्या किनाऱ्यावरून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरची माणसं काळा वर्ण आणि कुरळे केस बघून अजूनही विचारत, "तुम्ही मूळचे कुठले?" धाकटी म्हणे, "सापडलं की कळवते."

तिचं पोट आवाजावर चालायचं. बसस्थानकावरच्या घोषणा ध्वनिमुद्रित करायच्या, मधले खोकले कापायचे, तुकडे नीट जोडून द्यायचे. विद्यापीठातल्या इतिहासाच्या बाईंना असंच माणूस हवं होतं. जगभर पांगलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची गाणी गोळा करायची, संगणकावरच्या नकाशात ज्याच्या त्याच्या घरापाशी ठेवायची आणि आफ्रिकेतल्या निरनिराळ्या भागांतल्या गाण्यांशी संगणकाकडून ताडून घ्यायची, असा त्यांचा प्रकल्प होता. "जुळलं तर किनारा सांगता येईल," बाई म्हणाल्या. धाकटीनं घोषणांची नोकरी त्याच आठवड्यात सोडली.

सुरुवात घरापासून केली. तिला लहानाची मोठी केलेली आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्मभर चादरी पिळून निवृत्त झाली होती. हात थकले होते, तोंडाचा पट्टा थकला नव्हता.

"माझ्या आवाजाचं काय लोणचं घालणार आहेस?"

"नकाशावर ठेवणार आहे."

"मग घर नीट दाखव. नळ गळतो तेही दाखव म्हणावं, निदान कुणीतरी येऊन दुरुस्त करेल."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले आणि तिच्या आजीचं गाणं म्हटलं. शब्द मोजकेच, कुणालाही न कळणारे. पण दर ओळीनंतर ती ओठ मिटून घशातून एक लांब हुंकार काढी. तो हळूहळू वर चढे, मधेच तुटे आणि पुन्हा खालून सुरू होई.

"या शब्दांचा अर्थ काय?"

"मला कुठं कळतो? शब्द चुकले तर आजी काही म्हणायची नाही. हुंकार चुकला की मात्र पहिल्यापासून म्हणायला लावायची."

आत्या गायली म्हटल्यावर गल्लीतल्या इतरांची भीड चेपली. म्हातारा वेल्डर सगळ्यात शेवटी तयार झाला. पूर्वी कुणी विद्वान येऊन त्याच्या बापाचं डोकं पट्टीनं मोजून गेले होते. तेव्हापासून शिकलेल्या माणसांचं नाव काढलं तरी तो उठून जाई. "तू आपली आहेस म्हणून," असं बजावून तो गायला.

विद्यापीठात ही सगळी ध्वनिमुद्रणं आधी खरखर काढणाऱ्या एका संगणक प्रणालीतून साफ होऊन येत. एके दिवशी धाकटीनं कानाला हेडफोन लावला आणि आत्याचं गाणं ऐकलं. एक ओळ, मग शांतता. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. प्रणालीनं हुंकार पंखा किंवा पाण्याचा पंप समजून पुसून टाकला होता.

ती तडक बाईंकडे गेली. बाईंनी ऐकलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. "पण मूळ मुद्रणं मोठ्या साठ्यात आहेत," त्या म्हणाल्या. "सगळं गोळा झालं की एकदम दुरुस्त करू." बाई खोटं बोलत नव्हत्या. पण पुढं प्रकल्पाचं अनुदान थांबलं आणि त्यांना दुसऱ्या देशात नोकरी धरावी लागली. त्याच सुमारास आत्याला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळाच्या धावपळीतून धाकटी मोकळी झाली, तेव्हा ती संगणक विभागात मूळ मुद्रणं मागायला गेली.

तिथला माणूस भला होता. त्यानं पडद्यावर शोधलं, मान खाजवली. "एकेका नावाच्या दोन-दोन प्रती होत्या, ताई. जागा कमी पडत होती. साफ केलेल्या ठेवल्या, खरखरीच्या काढल्या. वरून तसंच सांगितलं होतं."

"परत मिळतील?"

दुपारभर तो खटपट करत राहिला. धाकटी शेजारच्या खुर्चीतून हलली नाही. ध्वनिमुद्रकातलं कार्ड दर घरानंतर पुसूनच पुढं वापरलेलं, त्यामुळे तिच्याकडेही काही नव्हतं. शेवटी त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही, ताई."

घरी येऊन तिनं आत्याच्या उशाशी ते साफ केलेलं गाणं लावलं. पहिली ओळ संपली आणि आत्याचे वाकडे झालेले ओठ थरथरले. घशातून काहीतरी निघालं, पण ते चढेना. पुन्हा प्रयत्न केला, लाळ गळली. धाकटीनं पुसली. तिसऱ्या ओळीला आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग धाकटीनं स्वतः हुंकार भरून पाहिला. लहानपणापासून कानावर पडलेला. येईल असं वाटलं होतं. वेगवेगळ्या तऱ्हेनं मुद्रित केला, आणि यातला खरा कुठला ते तिलाच सांगता येईना. खोटा आवाज आत्याच्या नावावर खपवायला मन घेईना. तिनं सगळे पुसले. वेल्डरला विचारलं, तर तो म्हणाला, "ते तुमच्या घरचं गाणं. आमच्यात नव्हतं."

आत्या गेल्यानंतर बाईंचा फोन आला. उरलेल्या मुद्रणांवर त्यांनी पदरमोड करून ताडणी करून घेतली होती. वस्तीतलं एकही गाणं कशाशीच जुळलं नव्हतं. "हुंकार असता तर?" धाकटीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

नकाशा काही काळ उघडत होता. पुढं तोही उघडेनासा झाला. धाकटी पुन्हा घोषणा जोडायला जाऊ लागली.

एका सकाळी ती कामावर निघाली असताना वेल्डरनं तिला आपल्या दारातून हटकलं. "काय गं, आपल्या किनाऱ्याचं काय झालं?"

तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारा चौकट धरून ऐकत राहिला.

"मग आता कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही, आजोबा."

त्यानं मान हलवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. धाकटीची बस चुकली होती. पुढच्या बससाठी ती रांगेत जाऊन उभी राहिली.