सतीश साहेब कोर्स करून आले

किन्हवलीच्या वेशीबाहेरच्या वाडीत जन्मलेल्या सतीशच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. आई-बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. पोरगं मात्र जिद्दी. लष्कराच्या सामानाच्या डेपोत मजूर म्हणून लागला, खात्याच्या परीक्षा देत चढत गेला आणि शहापुरात घर बांधलं तेव्हा तंबू-दोरखंडाच्या अख्ख्या शेडचा साहेब झाला होता. वर्दीतले अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे. सिव्हिलियन सतीश साहेब तिथेच. आणि आवाज म्हणाल तर असा, की शेडच्या या टोकाला ते शिंकले तरी त्या टोकाचा माणूस उठून उभा राहायचा.

वाडीतल्या बारकूला त्यानेच डेपोत चिकटवलं. बारकू चार-पाच वर्षांनी लहान. पोरपणी ‘दादा, दादा’ करत सतीशच्या मागे ओढ्यात चिंबोऱ्या-खेकडे धरत फिरायचा. डेपोत दादाचा साहेब झाला. ठीक आहे बाबा, नोकरी आहे. पण हळूहळू वाडीतही साहेब, लग्नाच्या पंगतीतही साहेब, आणि सतीशचा बाप गेला तेव्हा गळ्यात पडून रडायचं सोडून हा गडी हात बांधून उभा! सतीशला ते कधी खटकलं नाही. मान सगळ्यांनाच गोड लागतो, खोटं कशाला बोला.

निवृत्तीला वर्ष राहिलं आणि वरून हुकूम आला. ज्येष्ठ सिव्हिलियन कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्वविकासाचा कोर्स, दोन आठवडे, राहणं-जेवण तिकडेच.

“आता नेता होऊन काय इलेक्शनला उभं राहनार?” त्याची बायको वंदना हसली. त्यालाही काही उमगेना. पण हुकूम तो हुकूम, गेला.

तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी एक दिवस भलतंच काढलं. म्हणाल्या, हाताखालच्या एका माणसाला आत्ता फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि विचारा, माझ्यात तुला काय खटकतं? कोणाचा माणूस म्हणाला साहेब तापट आहेत, कोणाचा म्हणाला ऐकून घेत नाहीत. सतीशने मोठ्या विश्वासाने बारकूला फोन लावला.

“काय नाय सायेब. सगला बेस हाय.”

“अरे, एक तरी गोष्ट सांग ना.”

“माझं काय चुकलं काय सायेब? माफी करा.”

वर्ग खो-खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. “यांचा माणूस सगळ्यात जास्त घाबरलाय,” एवढंच म्हणाल्या. सतीशच्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. बारकू घाबरतो? मला? ज्याला मी पोहायला शिकवलं तो? त्याला काही समजेना, जेवणही गोड लागेना. त्याने मनाशी ठरवलं, निवृत्त व्हायच्या आत या बारक्याच्या तोंडून एक तरी खरं वाक्य ऐकायचंच.

परत आला आणि शेडमध्ये गंमतच झाली. साहेब ओरडेनात! उलट मऊ आवाजात विचारायचे, “तुम्हाला काय वाटतं?” माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कोणी म्हणालं डेपो बंद होतोय, कोणी म्हणालं चौकशी लागली आहे. गोजर नावाच्या हमालाने तर साहेबांच्या छातीत दुखत असल्याचं छातीठोक सांगितलं. वंदनाला फोन यायला लागले.

“तुमी ओरडत नाय म्हनून लोकं तब्येत विचारतात,” ती वैतागून म्हणाली. “काय शिकवून पाठवलाय तुमाला तिकडे?”

सतीशला तरी कुठे कळत होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. शेवटी रविवारी त्याने किन्हवलीची एसटी पकडली आणि थेट बारकूच्या दारात जाऊन उभा राहिला.

बारकूची पाचावर धारण बसली. लगबगीने प्लास्टिकची खुर्ची आणली, पंच्याने पुसली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. त्याची बायको येसूबाई चहा टाकायला आत पळाली. सतीश खुर्चीवर बसलाच नाही. तो ओट्यावर टेकला आणि बारकूचा हात धरून त्यालाही खाली ओढलं.

“बारक्या, इथे डेपो नाय, काय नाय. माझ्या गळ्याची शपथ, खरं बोल. का घाबरतोस मला?”

बारकूने ओट्यावर चढणारी कोंबडी हुसकली.

“दादा,” तो म्हणाला, कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच. “तू वर्सभरात जाशील. माझी अजून पाच वर्सं हायेत. तुज्यासमोर तोंड उघडायची सवय लागली, आन् उद्या नव्या सायबासमोर उघडलं तर? त्याने काय कोर्स केलाय? गप बसायला शिकलो म्हनून टिकलो रे. तेवढीच एक गोष्ट येते मला. ती पन काढून घ्यायला आलास?”

हवं होतं ते खरं वाक्य मिळालं. आनंद मानावा की शरमेने मान खाली घालावी, सतीशला काही ठरवता येईना. त्याचे डोळे मात्र भरून आले.

“मग मी करू तरी काय, बारक्या?”

आपण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलोय हे बारकूच्या एकदम ध्यानात आलं असावं. तो चटकन उठला, दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात जोडले.

“सायेब, हे तुमी वर कलवनार नाय ना?”